झिजण्याचा इतिहास

चंदन सहाणेवर झिजते आणि त्याचा सुगंध घरभर दरवळतो. म्हणूनच दुसऱ्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाला आपण मराठीत चंदनाची उपमा देतो. सहाणेचे नाव मात्र कुणी घेत नाही. खरे पाहिले तर तीही झिजते. वर्षानुवर्षांच्या वापराने तिच्या मध्यभागी खळगा पडतो. आणि चंदनाचे खोड ज्या हातात असते, तो हातही झिजतो. घासणे ही क्रिया अशी तीन बाजूंनी घडते: जे घासले जाते ते, ज्यावर घासले जाते ते, आणि घासणारा माणूस. लाकूडकामाच्या इतिहासात पहिल्या दोहोंची थोडीफार नोंद सापडते. तिसऱ्याची फारच उशिरा झाली. त्या तिसऱ्याविषयी चार शब्द लिहावेत, असे गेली काही वर्षे मनात घोळत आहे. निमित्त आहे माझ्या छपरीतल्या एका यंत्राचे.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे आमचे गाव. भाताची शेते, बोड्या आणि तलाव, पलीकडे जंगल, असा हा मुलूख. नाताळचा गोठा दरवर्षी घरीच तयार करायचा, या हौसेपायी मी लाकूड घासण्याचे एक मेजावरचे यंत्र घेतले. आकाराने ते शिलाई मशिनपेक्षा फार मोठे नाही. त्याच्या एका अंगाला दोन रुळांवरून फिरणारा खरखरीत पट्टा असतो. चार इंच रुंद, चोवीस इंच लांबीचा हा पट्टा मिनिटाला हजाराहून अधिक फूट धावतो. पट्ट्याची जोडणी काढून ठेवली की त्याच जागी एक उभा दांडा बसवता येतो, आणि त्या दांड्यावर काचकागदाची नळी चढवता येते. हा दांडा स्वतःभोवती मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेतो आणि त्याच वेळी सावकाश वर-खाली होत राहतो. पट्टा सपाट बाजूंसाठी आणि बाहेरच्या गोलाईसाठी. दांडा आतल्या वळणांसाठी. ज्या खोबणीत माणसाचे बोट धड शिरत नाही, तिथे अर्ध्या इंचाचा दांडा आपले काम चोख करतो.

या यंत्राने मला जे शिकवले ते पुढे सांगणार आहे. त्याआधी थोडे मागे जायला हवे.

नांगराची मूठ आणि बैलाचे जू

आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. नांगर, वखर, बंडी, दाराची चौकट, पाळणा आणि शेवटची तिरडीसुद्धा, माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतचे लाकूड वाढयाच्याच हातून जात असे. मोबदला बहुधा सुगीच्या धानाच्या रूपात मिळे. करवत, वाकस, रंधा, पटाशी, कानस, गुण्या एवढ्या हत्यारांवर त्याचा संसार चाले. काचकागद या यादीत फार उशिरा आला. नांगराची मूठ कुणी कागदाने घासली नाही. ती शेतकऱ्याच्या तळहाताने गुळगुळीत झाली. उंबरठा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी झिजला, पाळण्याचा कठडा आयांच्या हातांनी.

एका वस्तूबाबत मात्र वाढई वापराने येणाऱ्या गुळगुळीतपणाची वाट पाहत नसे. ती वस्तू म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. मुठीला कुसळ राहिले तर शेतकरी ते उपटून टाकील. जू खडबडीत राहिले तर बैल बोलणार नाही, त्याच्या मानेला जखम होईल. म्हणून जुवाचा मानेवर टेकणारा भाग वाकसाने तासून, कानशीने घासून, शेवटी हात फिरवून पाहावा लागे. घासण्याच्या कामामागचा मूळ हेतू मला इथे दिसतो. लाकूड चकचकीत दिसावे हा हेतू नंतरचा. त्या लाकडाने कुणाला इजा होऊ नये हा पहिला.

ख्रिस्ती वाचकाला इथे एका जुन्या परंपरेची आठवण होईल. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नाझरेथचे लोक प्रभू येशूला सुतार म्हणून ओळखतात, तर मत्तयाच्या तेराव्या अध्यायात सुताराचा पुत्र म्हणून. मूळ ग्रीक शब्द ‘तेक्तोन’ असा आहे, आणि लाकडाचे व बांधकामाचे काम करणारा कारागीर असा त्याचा व्यापक अर्थ होतो. दुसऱ्या शतकात होऊन गेलेले संत जस्टिन हे रक्तसाक्षी आपल्या एका ग्रंथात लिहितात की, येशू नांगर आणि जू तयार करीत असे. नाझरेथ आणि एकोडी यांच्यामधले अंतर या एका वाक्याने मिटते. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू आपल्या जुवाविषयी बोलतो, तेव्हा बोलणाऱ्याने स्वतःच्या हातांनी जू घडवले होते, हे आपण विसरून जातो. तिथे वापरलेल्या ग्रीक विशेषणाचा अर्थ चांगला, मायाळू, सोयीचा असा आहे. जू मायाळू कसे असते, हे वाढयाला विचारावे. ज्याच्यासाठी केले त्याच्या मानेला ते टोचत नाही, एवढीच त्याची माया.

कण कुठून आला?

लाकूड घासायचे तर लाकडाहून कठीण असा कण लागतो. माणसाने तो मिळेल तिथून घेतला. समुद्रकाठच्या लोकांनी मुशीसारख्या माशांचे वाळलेले कातडे वापरले. त्यावर बारीक दातेरी खवले असतात. युरोपात आणि जपानात एका प्रकारच्या नेच्यासारख्या वनस्पतीच्या खरखरीत काड्यांनी लाकूड घासत. तेराव्या शतकात चीनमध्ये शिंपल्यांचे चूर्ण आणि वाळू नैसर्गिक डिंकाने चर्मपत्राला चिकटवून वापरीत असत, असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकात काचेचा चुरा कागदावर चिकटवण्याचा उद्योग सुरू झाला. लंडनच्या जॉन ओकी यांनी १८३३ च्या सुमारास तो मोठ्या प्रमाणावर उभारला, आणि १८३४ मध्ये अमेरिकेतील आयझॅक फिशर यांनी असा कागद तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या भाषेतला ‘काचकागद’ हा शब्द त्या काळाची खूण आहे. विदर्भात पुष्कळ कारागीर ‘रेगमाल’ म्हणतात; तो फारसीतून आला. रेग म्हणजे वाळू, आणि माल म्हणजे चोळणे, घासणे.

परंतु काच आणि वाळू यांहून कितीतरी कठीण असा एक कण आपल्या देशाला शतकानुशतके ठाऊक होता. तो म्हणजे कुरुंद. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्, मराठीत कुरुंद. शिकलगार आणि रत्ने घासणारे कारागीर कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवीत आणि तिची चकती थापीत. या चकतीला साण म्हणत. हत्याराला धार लावायची असो की खड्याला पैलू पाडायचे असोत, साण फिरत राही. माणिक आणि नीलम ही याच खनिजाची रंगीत, पारदर्शक भावंडे आहेत. एक राजाच्या मुकुटात गेले, दुसरे शिकलगाराच्या चाकात.

युरोपातील विद्वानांचे लक्ष अठराव्या शतकात या दगडाकडे वेधले गेले. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये आशियातील या दगडाविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द आपल्याच कुरुंदाचे बदललेले रूप आहे. पुढे १८१२ मध्ये फ्रीडरिख मोह्स यांनी खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. तीत दहाव्या पायरीवर हिरा आहे आणि नवव्या पायरीवर कुरुंद. वाळूतला गारेचा कण सातव्यावर, तर काच सहाव्याच्याही खाली.

आता हा इतिहास आमच्या गावाच्या अंगणात येतो. भंडारा जिल्ह्यातील प्राचीन खडकांच्या एका मोठ्या पट्ट्याला भूवैज्ञानिक ‘साकोली’ याच नावाने ओळखतात. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीच्या या खडकांत कायनाइट आणि सिलिमॅनाइट ही उष्णतेला दाद न देणारी खनिजे सापडतात, आणि त्यांच्या सोबतीने कुरुंदही. १९३० च्या सुमारास भंडाऱ्याच्या या कुरुंदयुक्त खडकांवर भूवैज्ञानिकांनी अभ्यासपूर्वक लिहिले. ज्या तालुक्याच्या नावाने खडक ओळखले जातात, त्याच तालुक्यातला वाढई आपले जू कानशीने घासत होता. पायाखालच्या जमिनीत मोह्स यांच्या मोजपट्टीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा कठीण कण आहे, याचा त्याला पत्ताही नसावा. साणेला लागणारी लाखही इथल्याच जंगलातली. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात. त्याच लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की लाकडाचे पॉलिश तयार होते. सागवान, कुरुंद आणि लाख: लाकूड, त्याला घासणारा कण आणि त्यावर चढणारी झिलई, तिन्ही एका मुलखात. इतके असूनही काचकागद आमच्याकडे आला तो बाहेरून, दुकानाच्या वाटेने.

त्याआधीच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक विलक्षण घटना घडली होती. १९०२ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठी टू हार्बर्स या गावी, पाच जणांनी मिळून एक खाण कंपनी काढली. त्यांना वाटले होते की आपल्याला कुरुंदाचा साठा सापडला आहे. प्रत्यक्षात तो अगदीच हलक्या प्रतीचा, घासण्याच्या कामी निरुपयोगी खडक निघाला. कंपनी बुडायच्या बेतात आली. मग तिने बाहेरून कण विकत आणून काचकागद तयार करायला घेतले आणि त्यातून ती सावरली. तीच पुढे ‘थ्री एम’ या नावाने जगभर गेली. तिकडे खोट्या कुरुंदावर लोकांनी आपली जमापुंजी लावली. इकडे खरा कुरुंद मातीखाली निवांत पडून होता. माणसाच्या उद्योगाचा इतिहास असा पुष्कळदा चुकामुकीचा असतो.

खाणीतल्या कुरुंदाची गरज मात्र लवकरच कमी झाली. १८९१ मध्ये एडवर्ड अॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोकची पूड तापवून सिलिकॉन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ तयार केला होता. १८९७ मध्ये चार्ल्स जेकब्स यांनी बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंद म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड केला. माझ्या यंत्राच्या तपकिरी पट्ट्यावरचे कण याच जातीचे आहेत. रासायनिक दृष्टीने पाहिले तर ते आमच्या साकोलीच्या खडकातल्या कुरुंदाचे सख्खे भाऊ. भारतात अशा घर्षक वस्तूंचा आधुनिक उद्योग आधी महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर रुजला. १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली.

कागद पट्टा होतो

जुना काचकागद सरसाने चिकटवलेला असे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाला पावसाळी हवा सोसत नाही. ओल लागली की कण गळू लागतात. ज्या मुलखात चार महिने भाताचे पाणी बांधात उभे असते, तिथे अशा कागदाचे आयुष्य किती असणार? १९२१ मध्ये पाण्यातही टिकणारा कागद निघाला. पुढे कागदाच्या जागी कापड आणि सरसाच्या जागी राळेसारखी कृत्रिम चिकट द्रव्ये आली. कापडाची दोन टोके जोडून अखंड पट्टा करता येऊ लागला. असे पट्टे फिरवणारी मोठी यंत्रे कारखान्यांत होतीच. १९२६ मध्ये अमेरिकेच्या पोर्टर-केबल कंपनीने हातात धरून चालवायचे यंत्र बाजारात आणले. त्यानंतर पट्टा कारखान्यातून हळूहळू लहान कारागिराच्या मेजावर उतरला.

उभ्या दांड्याच्या वर-खाली होण्यातही मोठे शहाणपण आहे. दांडा एकाच जागी फिरत राहिला तर कागदाचा तेवढाच भाग झिजतो, तापतो, आणि लाकडावर आडव्या रेघा उमटतात. तो वर-खाली झाला की झीज साऱ्या कागदावर सारखी वाटली जाते. ओझे एकाच खांद्यावर पडू नये, हा जुना सामुदायिक न्याय यंत्राच्या बांधणीतही आढळतो.

यंत्र घरी आले तेव्हा मला वाटले, आता कष्ट संपले. पहिल्याच आठवड्यात भ्रम दूर झाला. गोठ्याच्या कमानीसाठी सागवानाची एक वक्र फळी मी दांड्यावर दाबून धरली. दोन क्षणांत करपल्याचा वास आला आणि लाकडावर काळा डाग पडला. दाबले म्हणजे लवकर होते, हा हातकामातला समज यंत्राला लागू पडत नाही. फळी हलकेच टेकवायची, सतत सरकती ठेवायची, आणि कणाला त्याचे काम करू द्यायचे. सागवान तेलकट, त्याचा चिकट भुसा कागदाच्या कणांमध्ये बसतो आणि कागद बोथट होतो. रबराच्या वडीने तो काढता येतो, हे मला उशिरा कळले.

क्रमांकांची शिस्तही अशीच अनुभवाने आली. कागदाचा क्रमांक जितका लहान तितका कण जाडा. ऐंशीने सुरुवात करावी, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी. मधली पायरी गाळून एकदम बारीक कागद लावला तर जाड कणाने पाडलेले ओरखडे तसेच राहतात. त्या क्षणी ते दिसत नाहीत. लाखेचे पॉलिश चढवले की एकेक ओरखडा वर येतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दिशेचा बाण असतो. पट्टा उलटा बसवला तर त्याचा सांधा उखडण्याची भीती असते. फार दिवस साठवून ठेवलेल्या पट्ट्याचा सांधा दमट हवेने कमजोर होतो, म्हणून एकदम डझनभर पट्टे घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही. आणि आपल्याकडे खांद्यावर दुपट्टा टाकून काम करण्याची सवय असते. या यंत्रापाशी तो काढूनच ठेवावा. फिरता दांडा त्याला क्षणात गुंडाळतो.

एवढे सगळे शिकलो तरी मुख्य धडा राहिलाच होता.

कपाटाच्या काचेवरचे नाव

पहिल्या वर्षीच्या त्या डिसेंबरात मी छपरीत दोन दिवस यंत्र चालवले. दार उघडेच होते. कमान झाली, गव्हाणी झाली, मेंढपाळांच्या काठ्या झाल्या. हाताने आठ दिवस लागले असते. संध्याकाळी आत आलो तेव्हा माझ्या लहान नातवाने कपाटाच्या काचेवर बोटाने आपले नाव लिहून ठेवले होते. अक्षरे सुबक होती. ती कशावर लिहिली हे समजायला मला थोडा वेळ लागला. काचेवर भुशाचा पातळ, पिवळसर थर बसला होता. माठाच्या झाकणावर, अंथरुणांवर, गोठ्यासाठी आणलेल्या तणसावर तोच थर. त्या रात्री मुलगा बराच वेळ खोकत होता.

रंध्याचा भुगा जड असतो. तो पायाशी पडतो आणि झाडूने गोळा होतो. करवतीचा भुसाही बहुतेक खाली बसतो. पट्ट्याने निघणारी धूळ वेगळी. तिचे सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, ते तासन्तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात. जितका गुळगुळीत लाकडाचा पृष्ठभाग, तितकी बारीक त्याची धूळ. यंत्राने हाताचे कष्ट वाचवले, हे खरे. पण झीज नाहीशी झाली नाही. तळहातावरून ती छातीत उतरली.

या झिजेची नोंद होण्यास फार काळ लागला. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारण्याची जुनी पद्धत होती, त्यांत आणखी एक प्रश्न घालावा, असे त्यांनी सुचवले. तो प्रश्न म्हणजे, तुझा धंदा कोणता? साधा प्रश्न, पण वैद्याला रोग्याच्या अंथरुणापासून त्याच्या कामाच्या जागेपर्यंत नेणारा.

लाकडाच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळायला आणखी अडीचशे वर्षे गेली. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या आणि घरगुती लाकडी सामान तयार करण्यासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या कान-नाक-घसा शल्यविशारद डॉ. एस्मे हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या आतील भागाचा एक विरळा कर्करोग झालेले रोगी येऊ लागले, आणि त्यांच्यात लाकूडकाम करणारे पुष्कळ असल्याचे दिसून आले. डॉ. डोनाल्ड अॅचेसन आणि डॉ. रोनाल्ड मॅकबेथ यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. लाकडाच्या धुळीचा आणि त्या कर्करोगाचा संबंध त्यातून पुढे आला. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. कृत्रिम कण शोधणारा एक अॅचेसन होता, आणि त्या कणाने उडवलेल्या धुळीचा धोका दाखवणाराही अॅचेसन आडनावाचाच. नावाचा हा योगायोग; पण एकाच शतकाच्या दोन बाजू त्याने एकत्र दिसतात.

हा रोग विरळा आहे, आणि हौसेने वर्षातून चार दिवस यंत्र चालवणाऱ्याने भयभीत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रोज दहा तास घासणाऱ्याचा. लाकडी सामानाच्या दुकानांमागे डोकावून पाहा. कापण्याचे आणि जोडण्याचे काम मुख्य मिस्त्रीकडे असते. घासण्याचे काम बहुधा नवशिक्या पोराकडे. त्याला त्यातले काही कळावे लागत नाही, अशी समजूत. तोंडाला रुमाल बांधलेला, भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या. विणलेल्या रुमालाने धुळीचा जाड भागच अडतो. खरी घातक धूळ त्यातून आरपार जाते. दमा, सततचे पडसे, सागाच्या भुशाने त्वचेला सुटणारी खाज ही दुखणी कर्करोगाइतकी विरळा नाहीत.

संत योसेफाचा दिवस

औद्योगिक युगात श्रमिकाची जी परवड झाली, तिची दखल ख्रिस्तसभेने घेतली आहे. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी संत योसेफाला सार्वत्रिक ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्राद्वारे कामगारांच्या न्याय्य वेतनाचा आणि माणुसकीच्या वागणुकीचा प्रश्न धर्मपीठावरून मांडला. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. स्वतः कामगार राहिलेले पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या विश्वपत्रात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा विचार सविस्तर उलगडला. आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून एक वर्ष संत योसेफाला वाहिले.

महाराष्ट्रात १ मे हा दिवस तिहेरी आहे: कामगार दिन, १९६० पासून महाराष्ट्र दिन, आणि आपल्या पंचांगात श्रमिक संत योसेफाचा सण. आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना आणखी एक आठवण असते, कारण १९९९ मध्ये याच दिवशी आमच्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मिरवणुका होतात, ध्वज फडकतो, मिस्सा होते. वेदीजवळच्या तसबिरीत संत योसेफ हातात गुण्या किंवा रंधा घेऊन उभा असतो. त्याच्या पायाशी भुग्याच्या सोनेरी वेटोळ्या चित्रकार हौसेने काढतो. धूळ मात्र कुठल्याच चित्रात नसते.

ती आपण आपल्या मनाने चित्रात घालायला हवी. धर्मग्रामात नवी बाके करायची असतात, घरात देव्हारा, सोफा, लेकीच्या लग्नाचे कपाट करायचे असते. आपण लाकूड पारखतो, भाव करतो, शेवटी पृष्ठभागावर हात फिरवून समाधानाने मान डोलावतो. तो गुळगुळीतपणा कुणाच्या छातीच्या मोलाने आला, हे विचारत नाही. विचारले तर उपाय अवघड नाहीत. यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारा पंखा किंवा नळी बसवता येते. बारीक कण अडवणारा मुखवटा मिळतो. २०२० च्या साथीनंतर तो खेड्यापाड्यांतही ओळखीचा झाला आहे. काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ न करता, वारा एका बाजूने घेऊन करता येते. भुसा झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपता येतो. या साऱ्यांना खर्च येतो, आणि तो गिऱ्हाईक या नात्याने आपण दिला पाहिजे. मजुरी ठरवताना दोन पैसे श्वासाचेही धरावेत.

माझे यंत्र आता छपरीत नाही. अंगणाच्या कडेला पत्र्याखाली त्याची जागा केली आहे. धूळ ओढणारी नळी पट्ट्याच्या बुडाशी बसवली आहे, आणि ती सुरू केल्याशिवाय यंत्राचे बटण दाबायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. नातू मोठा झाला. पण यंत्र चालू असताना तो घरातच थांबतो. ते बंद झाले आणि हवा निवळली की बाहेर येतो.

गेल्या नाताळला गोठ्यातल्या बैलासाठी त्याने एक जू करून मागितले. आमच्याकडच्या बैलाला जू नको का, असा त्याचा प्रश्न होता. शिवणीच्या लाकडाचा वीतभर तुकडा घेतला. मानेवर टेकणारी दोन वळणे अर्ध्या इंचाच्या दांड्यावर काढली, एकशेवीसने आणि मग एकशेऐंशीने. शेवटचा हात त्याने फिरवला, झिजून मऊ झालेल्या कागदाच्या तुकड्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. मग डोळे मिटून आतल्या वळणावरून बोट फिरवले, एकदा, दोनदा, एका जागी थांबला आणि म्हणाला, “आबा, इथं अजून टोचते.”

मी तो तुकडा पुन्हा हातात घेतला.